अकरा आठवडे, तीन दिवस

"तुम्ही पहिल्या रांगेत बसा हं वस्ताद," नूला म्हणाली, "म्हणजे सगळे मानकरी उभे राहतील तेव्हा मला तुमचं तोंड दिसेल. नाहीतर मी शपथ विसरीन." एवढंच. मंगळवारी सकाळी, दहाच्या चहाच्या आधी, हातात कानस धरून ती हे बोलली आणि पुन्हा शेगड्यात आवळलेल्या कामाकडे वळली. ऑल्बन हॉलिक, तिचा पाच वर्षांचा वस्ताद, "बरं" म्हणाला. त्याच्या हातात मायक्रोमीटर होता, मायक्रोमीटरच्या जबड्यात पत्र्याला भोक पाडायच्या एका पंचाचं टोक होतं, आणि आकडा वाचून झाल्यावर त्याच्या लक्षात आलं की आपण तो वाचलाच नाही. पुन्हा वाचला. पुन्हा गेला डोक्यातून. सत्तेचाळीस वर्षं लोखंडात काढलेल्या माणसाला एक आकडा दोनदा हरवावा म्हणजे कमालच झाली! त्यानं चष्मा पुसला, नाक शिंकरलं, उगाच खिडकीशी जाऊन आला. साचे-हत्यारं घडवायच्या त्या टूलरूममध्ये कुणाचं लक्ष नव्हतं. अर्धी टूलरूम तर आता रिकामीच होती, मशीनांवर कापडं घातलेली. तरीही त्याला वाटलं की सगळ्यांना दिसलंय. काय दिसलंय, ते मात्र त्यानं मनातल्या मनातसुद्धा नीट म्हटलं नाही.

आणि आज शुक्रवार, नूलाच्या शपथेचा दिवस. जुन्या सभागृहात पहिल्या रांगेत तो बसला होता, बायकोनं बांधून दिलेला टाय गळ्याला काचत होता, आणि शेजारी बर्नार्ड गटरिज, त्यांच्या टूलरूमचा निवृत्त फोरमन, तोंडात पेपरमिंट घोळवत होता. गटरिज मानकरी. त्याच्या पलीकडचे दोघे मानकरी. ही सगळी रांगच मानकऱ्यांची. घरची माणसं मागं बसली होती, टोप्या घातलेल्या आया आणि कोटात अवघडलेले बाप. कॉव्हेंट्रीत हा मान बापाकडून मुलाला मिळत नाही, पैसे मोजून मिळत नाही, लॉर्डसाहेब असलात तरी घरी बसून मिळत नाही. या शहरात, एका धंद्यात, कागदावर सही करून पाच वर्षं उमेदवारी करायची. पाचाची पावणेपाच झालेली चालत नाही. मग वस्ताद कागदाच्या पाठीवर लिहून देतो की यानं मुदत नीट भरली, आणि शहराच्या मोठ्या वहीत नाव चढतं. मिळतं काय? काही नाही. एक कागद, एक हस्तांदोलन, आणि मेल्यावर शोकसंदेशात एक ओळ. पण त्या ओळीसाठी या गावातली शहाणीसुरती माणसं जीव टाकतात, आणि ऑल्बन त्यांना कधी हसला नव्हता. हसणार कसा? त्याचा स्वतःचा कागद घरी कपाटात, टेबलक्लॉथांच्या खाली होता. पुढची बाजू सह्यांनी भरलेली. पाठ कोरी.

खोटं तो कधीच बोलला नव्हता, हे त्यानं स्वतःला इतक्या वेळा बजावलं होतं की आता ते वाक्य गुळगुळीत झालं होतं. सेहेचाळीस साली तो परगावच्या कारखान्यातून परत आला आणि या टूलरूममध्ये लागला. पहिल्याच आठवड्यात कँटीनमध्ये हाच गटरिज, तेव्हा केस होते त्याला, टेबलाच्या पलीकडून म्हणाला होता, "हॉलिक जोसाया वॉर्मेलच्या हाताखालचा आहे. वॉर्मेलकडचा म्हणजे मानकरी असणारच. म्हातारा पोराला घोड्यासारखं राबवायचा, पण शपथेला स्वतः घेऊन जायचा." ऑल्बनच्या तोंडात मोठा घास होता. गरम बटाटा. तो गिळून होईतो बोलणं फुटबॉलकडे वळलं होतं. तेवढाच क्षण होता, आणि तो एका बटाट्यानं खाल्ला. नंतर सांगायचं म्हणजे मुद्दाम सांगायला जायचं. कुणी न विचारता उठून म्हणायचं की अहो, मी तो नव्हेच. कसं म्हणतात ते? कुणाला जमतं? एक आठवडा गेला, मग एक वर्ष, मग लोक नव्या पोरांना सांगू लागले, "हॉलिकला विचार, तो मानकरी आहे." दरवर्षी मानकऱ्यांचं जेवण असायचं आणि दरवर्षी ऑल्बनला त्याच सुमाराला काहीतरी व्हायचं. सर्दी. हिल्डाची कंबर. रग्बी गावचा भाऊ आजारी. त्या भावाला त्यानं कागदोपत्री इतकं आजारी पाडलं की तो बिचारा सत्तरीत अजून सायकल चालवतो याचंच नवल. सदतीस वर्षं. माणूस एक खोटं बोलला असता तर निदान एकदाच बोलला असता.

समोर मंचावर कारकून वह्या लावत होता. मोठी वही चामड्याची होती. ती उघडताना त्यानं दोन्ही हात लावले. नूला बाजूच्या बाकावर इतर पाचजणांबरोबर बसली होती, पाचही पोरगे, मध्ये ही एकटी. निळा कोट, केस मागं घट्ट बांधलेले, हात मांडीवर पालथे. ते हात ऑल्बनला इतक्या लांबूनही वाचता येत होते. डाव्या अंगठ्यावरचा पांढरा वण पहिल्या वर्षाचा, कानस घसरली तेव्हाचा. ती आली तेव्हा सोळा वर्षांची होती, आयरिश गवंड्याची मुलगी, आणि अख्ख्या टूलरूमला करमणूक झाली होती. कुणी म्हणालं पडदे लावा आता, कुणी म्हणालं हॉलिकला चहा करायला बाई मिळाली. तिनं तिसऱ्या दिवशी त्या माणसाला सांगितलं, "चहाचं बघू की. तुमचा साचा मी घासते, तुम्ही माझा चहा करा, बघू कुणाचं काय बिघडतं." ऑल्बन तेव्हा पाठमोरा होता, आणि पाठमोराच हसला. वस्तादानं हसलेलं दाखवायचं नसतं. त्यानं तिला पोलादाचा एक ओबडधोबड तुकडा दिला आणि सांगितलं की याचा घन कर, हातानं, नुसत्या कानशीनं. आणि त्या घनाला बसेल असं भोक दुसऱ्या पट्टीत कर, घन कुठल्याही बाजूनं फिरवून घातला तरी तितकाच बसला पाहिजे, उजेडाची रेघ दिसता कामा नये. तिला सात आठवडे लागले. पहिला घन त्यानं उजेडाकडे धरला आणि भंगाराच्या पेटीत टाकला. दुसराही टाकला. पेटीत वाकून तिनं दुसरा घन बाहेर काढला, पुन्हा उजेडाकडे धरला आणि म्हणाली, "कुठं? मला दाखवा कुठं. नुसतं टाकू नका." त्याचे स्वतःचे वॉर्मेलनं पाच टाकले होते. एकदाही त्यानं विचारलं नव्हतं कुठं. त्या दिवशी पहिल्यांदा ऑल्बनला वाटलं की ही पोर आपल्यापेक्षा पुढं जाणार, आणि नवल म्हणजे पोटात दुखलं नाही, उलट भूक लागली. त्यानं तिला दाखवलं कुठं.

वॉर्मेलनं काय केलं असतं? वॉर्मेलनं टाकलं असतं आणि वर शिव्या दिल्या असत्या. चार माणसांचा कारखाना, एका अंगणाच्या टोकाला. म्हातारा छोटे साचे करायचा, घड्याळवाल्यांचे, शिलाईमशीनवाल्यांचे, मग लढाई लागल्यावर कशाकशाचे ते विचारायचं नाही. छत्तीसच्या फेब्रुवारीत ऑल्बनच्या बापानं त्याला तिथं नेऊन उभं केलं होतं. एक्केचाळीसच्या तीन फेब्रुवारीला मुदत भरायची होती. म्हातारा भिंतीवरच्या कॅलेंडरला तारखेभोवती खडूनं गोल करून ठेवायचा, दरवर्षी नव्या कॅलेंडरवर, आणि म्हणायचा, "त्या दिवशी दाढी करून ये, गाढवा. तुला घेऊन मला सभागृहात जायचंय, माझी लाज काढू नको." मग चाळीसच्या नोव्हेंबरातली बाँबहल्ल्याची ती रात्र आली, जिच्याबद्दल या गावात कुणी कुणाला काही सांगत नाही, कारण ज्याला त्याला आपापली आहे. ऑल्बनला आठवते ती सकाळ. तो नेहमीसारखा निघाला, डबा घेऊन, पाण्याच्या नळ्यांवरून पाय टाकत, विटांच्या ढिगांवरून, ज्या रस्त्यांना आता कोपरेच उरले नव्हते त्या रस्त्यांनी. अंगण सापडलं. कारखाना नव्हता. म्हातारा छपरावर आगीवर नजर ठेवायला बसला होता म्हणे. छप्पर नव्हतं तर म्हातारा कुठून असणार. सपाटी तपासायची लोखंडी सरफेस प्लेट तेवढी होती, दोन तुकडे झालेली, अजून गरम. ऑल्बन तिच्याजवळ उभा राहिला. आठ वाजेपर्यंत उभा राहिला, कारण काम आठला सुरू व्हायचं आणि येऊ नको असं त्याला कुणी सांगितलं नव्हतं. आठ वाजले. मग नऊ. एका पोलिसानं त्याला हाताला धरून रस्त्यावर आणलं तेव्हा त्याला पहिल्यांदा रडू आलं, आणि रडता रडता तो हिशेब करत होता. अकरा आठवडे, तीन दिवस. एवढं काय मोठं होतं रे देवा, एवढं तरी ठेवायचंस.

पुढच्याच महिन्यात तो परगावच्या कारखान्यात लागला. लढाईत टूलमेकर मिळत नव्हते. कुणी कागद बघितला नाही, एक साचा करायला दिला आणि संध्याकाळी त्याला स्वतःचा नंबर दिला, कारागिराची खूण म्हणून आपल्या कामावर ठोकायला. विसाव्या वर्षी नंबर! त्याला अभिमान वाटला होता, का खोटं बोला? परत आल्यावर, सव्विसाव्या वर्षी, गावातल्या कुठल्याही म्हाताऱ्याकडे जाऊन त्याला म्हणता आलं असतं की बाबा, मला तीन महिने उमेदवार म्हणून बांधून घे. लोक करत होते तसं. लढाईवरून परतलेले, मिशा आलेले बाप्ये, पोरांच्या रांगेत उभे राहून मुदत पुरी करत होते. ऑल्बनला लाज वाटली. नंबर असलेल्या माणसानं झाडू मारायचा? पंधरा वर्षांच्या पोरानं त्याला हाक मारून खिळे आणायला पाठवायचं? खरी चूक ती होती. बाँब त्याचा नव्हता, बटाटासुद्धा एक वेळ सोडून द्या. पण ही लाज त्याची स्वतःची, हातानं घासून बसवलेली.

बुधवारी रात्रीच्या जेवणाला त्यानं हिल्डाला सांगितलं की शुक्रवारी बहुतेक मला जमणार नाही, छातीत जरा भरल्यासारखं वाटतंय. हिल्डानं काटा खाली ठेवला. तिला सगळं ठाऊक होतं. जगात तिला एकटीला ठाऊक होतं. "तुझ्या छातीला काय झालंय ते मी सांगते," ती म्हणाली. "सदतीस वर्षं गिळून बसलायस, आता ढेकर दे एकदा."

"आणि पोरीचा दिवस नासवू?"

"पोरीचा दिवस तू घरी बसून नासवशील. तू जाणार. उभा राहा नाहीतर बसून राहा, तुझं तू बघ. पण तिथं असशील."

"उभा राहिलो तर कुणाला कळणारे? कारकून काय प्रत्येकाचं नाव वहीत बघत बसणारे?"

"कुणालाच नाही कळणार," हिल्डा म्हणाली. "मग अडलंय कशाला?" आणि तिनं मटार वाढले. असली बाई. आज सकाळी टाय बांधताना मात्र तिनं गाठ गरजेपेक्षा जास्त ओढली.

नावं पुकारायला सुरुवात झाली. एकेक पोरगा पुढं गेला, शहराच्या प्रमुखांसमोर उभा राहिला. "नूला मलहॉल," कारकून म्हणाला, "टूलमेकर. पाच वर्षं. वस्ताद, ऑल्बन हॉलिक." सभागृहात आपलं नाव असं मोठ्यानं ऐकून ऑल्बनच्या मानेवर काटा आला. आयुष्यात पहिल्यांदा त्याचं नाव या छताखाली उच्चारलं गेलं होतं आणि ते अगदी खरं होतं. त्यातलं एकही अक्षर कमी करायचं नव्हतं. त्या कागदाच्या पाठीवर त्यानंच लिहून दिलं होतं की मुदत नीट भरली. लिहायला त्याला पूर्ण संध्याकाळ लागली होती, तीनदा हात धुतले होते. नूला सहावी, शेवटची, म्हणून सगळ्यांच्या वतीनं शपथ तिनं म्हणायची होती. ती ताठ उभी राहिली. मागं तिची आई हुंदका दाबत होती आणि तो दाबला जात नव्हता.

"शहराच्या मानकऱ्यांनी कृपया उभं राहावं."

रांग उठली. खुर्च्या सरकल्या, गुडघे कुरकुरले, कुणाची काठी पडली. ऑल्बनचे पायसुद्धा उठायला निघाले. सदतीस वर्षांच्या सवयीनं, सगळे करतात म्हणून, इतक्या सहज की मांड्या खुर्चीवरून सुटल्यासुद्धा. एक इंच. फार तर दोन. त्या दोन इंचांत त्याला स्पष्ट दिसलं की आता उभा राहिलो तर हे पहिलं खरंखुरं खोटं, आणि तेही कुणापुढं, तर ज्या पोरीला आपण शिकवलं की उजेडाची रेघ दिसता कामा नये, तिच्यापुढं. तो पुन्हा बसला.

"अरे ऊठ की!" गटरिजनं कोपरापाशी धरून ओढलं. "झोप लागली का?" मग आवाज खाली आणून, माणुसकीनं, "गुडघे का?"

वा, काय सोय होती! गुडघे. त्रेसष्ट वर्षांच्या माणसाचे गुडघे, कोण शंका घेणार? नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. आणि या वेळी तर तोंडात घासही नव्हता.

"गुडघे ठणठणीत आहेत," ऑल्बन म्हणाला. "मला हक्क नाही, बर्नार्ड. माझी मुदत पुरी झाली नाही." तो फार हळू बोलला नाही. पलीकडच्या दोघांनी वळून पाहिलं.

नूला रांगेवरून नजर फिरवत होती. उभ्या माणसांच्या तोंडांवरून गेली, पुन्हा आली, आणि त्याला शोधता शोधता शपथेच्या तिसऱ्या शब्दावर अडखळली. सभागृह थांबलं. मग तिची नजर खाली आली आणि तो तिला दिसला, दोन कोटांच्या मधे, बसलेला. तिच्या कपाळावर आठी पडली, कामात काही चुकल्यावर पडायची तीच. ऑल्बननं मान डोलावली, कारखान्यात डोलवायचा तशी, म्हणजे चालू दे, हात थांबवू नको. तिनं श्वास घेतला आणि शपथ पहिल्यापासून म्हटली, खणखणीत, शेवटच्या रांगेपर्यंत पोचेल अशी. आणि बसलेल्या ऑल्बन हॉलिकच्या छातीत असा काही अभिमान भरून आला की त्याला वाटलं, टायची गाठ आता तुटते. लाज? लाज होतीच. ती अभिमानाच्या शेजारी बसली होती, पण तिला आता बोलायला कुणी विचारत नव्हतं. ही माझी आहे. पाच वर्षं, एक दिवस कमी नाही. वहीत मी नसेन, पण वहीतलं हे नाव मी घासून सरळ केलंय. म्हाताऱ्या वॉर्मेलला कुणीतरी कळवा.

चहाच्या खोलीत तो कोपऱ्यातल्या खुर्चीवर कप घेऊन बसला. गटरिज समोर उभा होता, काकडीचं सँडविच हातात तसंच. "म्हणजे सदतीस वर्षं मी लोकांना सांगत आलो—"

"तू सांगितलंस. मी ऐकून घेतलं. चूक माझी."

"आणि त्या रग्बीच्या भावाची फुफ्फुसं?"

"एकदम चांगली आहेत."

गटरिजला हसावं की रागवावं कळेना. त्यानं सँडविच खाल्लं. तोवर नूला आली, कागदाची गुंडाळी काखेत, डोळे लाल. "वस्ताद, का नाही उठलात? मला वाटलं तुम्हाला काही झालं. जीव गेला माझा तिथं!"

ऑल्बननं सांगितलं. म्हातारा, छप्पर, कोरी पाठ, बटाटा, सगळं. चार वाक्यांत संपलं, इतकं लहान निघालं ते. सांगताना त्यानं तिच्याकडेच पाहिलं. त्याला वाटलं, आता ही वळून जाईल, आणि गेली तर तिचं बरोबरच आहे.

"किती कमी पडले?" तिनं विचारलं.

"तीन महिने."

"तीन महिने असं मोजायला शिकवलंत का मला? नीट सांगा."

"अकरा आठवडे, तीन दिवस."

तिनं मान फिरवली. कारकून जवळच केक कापत होता. "ओ साहेब," ती म्हणाली, "मानकऱ्याला उमेदवार ठेवता येतो ना?"

"येतो की. जुना हक्क आहे."

"मानकरी म्हणजे मी पण? आजपासून?"

"सही वाळली की."

"दुसऱ्या वस्तादाकडं अर्धी राहिलेली मुदत पुरी करून घेता येते? वस्ताद वारला असेल तर?"

कारकुनानं सुरी खाली ठेवली. "पहिला कागद असला तर येते. पूर्वी बऱ्याच जणांनी केली."

"वयाची अट?"

"कमीत कमीची आहे," कारकून म्हणाला आणि ऑल्बनकडे बघून जरा घुटमळला. "जास्तीत जास्तची... ती लिहायची कुणाला गरज वाटली नसावी."

नूला वळली. तिनं काखेतली गुंडाळी हातात घेतली, आणि आठी अजून गेली नव्हती कपाळावरची. "सोमवारी कागद घेऊन या," ती म्हणाली. "झाडू माझ्या शेगड्यामागं आहे. आणि चुकलं तर मी नुसतं टाकणार नाही, कुठं ते दाखवीन."

गटरिजनं खाकरून काहीतरी म्हणायला तोंड उघडलं, पण ऑल्बननं त्याच्याकडे पाहिलं नाही. त्यानं कप खिडकीत ठेवला आणि नव्या वस्तादापुढं उभा राहिला.